पासपोर्ट हरवलेला नाही, कफीलच्या तिजोरीत आहे

‘आउटपासवर आला’ हे शब्द कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत आवाज खाली आणून उच्चारले जातात. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, खेड, चिपळूण, राजापूर या पट्ट्यात आखाताशी नाते नसलेले घर शोधावे लागेल. तिथून कोणी सुट्टीवर येतो, कोणी ‘कॅन्सल’ करून येतो, आणि कोणी आउटपासवर येतो. सुट्टीवर आलेल्याच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. आउटपासवर आलेला मात्र रात्री उशिरा उतरतो आणि दोन दिवस घराबाहेर पडत नाही. गाव गृहीत धरते की याने काहीतरी केले असणार. पळाला असेल, भांडला असेल, नाहीतर निदान पासपोर्ट तरी हरवला असेल.

या ‘हरवला’ शब्दाबद्दलच आज लिहायचे आहे. परदेशात प्रवासाची कागदपत्रे हरवली तर काय करावे याची माहिती प्रत्येक भारतीय दूतावास देतो. ती माहिती चुकीची नसते. पण ती ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, तो आपला माणूस नसतो. तो असतो बॅग चोरीला गेलेला पर्यटक, टॅक्सीत पाकीट विसरलेला इंजिनिअर किंवा खोली बदलताना फाइल गहाळ झालेला विद्यार्थी. आखातातल्या मजुराचा पासपोर्ट बहुतेक वेळा हरवलेला नसतोच. तो कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. कंपनीच्या ऑफिसात, मालकाच्या तिजोरीत किंवा कफीलच्या बेडरूममधल्या ड्रॉवरमध्ये. त्याला फक्त तो मिळत नाही.

आपली व्यवस्था या दोन्ही माणसांकडून एकच अर्ज भरून घेते. माझा आक्षेप त्याला आहे.

खरोखर हरवला तर

आधी सरळ प्रकरण पाहू. परदेशात पासपोर्ट हरवला की पहिले काम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवणे आणि तिची प्रत घेणे. मग ती प्रत, फोटो, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स असल्यास ती, आणि अर्ज घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठायचा. तिथे दोन वाटा असतात. ज्याला त्या देशात पुढे राहायचे आहे त्याने नवा पासपोर्ट मागायचा. ज्याला फक्त घरी परतायचे आहे त्याला ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळते. यालाच आपली माणसे आउटपास किंवा व्हाइट पासपोर्ट म्हणतात. हा कागद एकाच प्रवासाचा असतो, भारतात येण्याचा. भारतात उतरल्यावर त्याचे काम संपते.

नवा पासपोर्ट हाती आला म्हणजे सगळे झाले असे नाही. जुन्या पासपोर्टवर व्हिसा होता, राहण्याच्या परवान्याला त्याचा नंबर जोडलेला होता. सौदीत नव्या पासपोर्टचा तपशील जवाजातच्या नोंदीत चढवावा लागतो. तिथल्या कामगारांच्या भाषेत याला ‘नकल मालूमात’ म्हणतात. ते होईपर्यंत देशाबाहेर जाण्याचा परवाना निघत नाही. म्हणजे एक पुस्तिका हरवली की तिला बांधलेले चार धागे पुन्हा बांधावे लागतात, आणि त्यातले दोन-तीन धागे मालकाच्या हातात असतात.

एक गोष्ट इथेच ठळक सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळे माणसे विमानतळावर अडकतात. पासपोर्ट हरवल्याची नोंद एकदा झाली की तो रद्द होतो. नंतर तो गादीखाली सापडला किंवा मालकाने मेहेरबानी करून परत दिला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही. सापडलेला पासपोर्ट दूतावासात जमा करायचा असतो.

पश्चिमेकडच्या देशांत हाच त्रास वेगळ्या रूपात येतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेला माणूस सुट्टीत पुण्याला आला आणि कार्ड हरवले, तर तो आय-१३१ए हा अर्ज भरून अमेरिकी वकिलातीकडून विमानात बसण्यापुरता कागद मिळवतो. कॅनडाच्या कायम रहिवाशालाही असाच तात्पुरता प्रवासी दस्तऐवज मिळतो. पैसे जातात, तारखा चुकतात, जीव टांगणीला लागतो. पण त्या माणसाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. कागद त्याचा होता, त्याच्याकडून हरवला, तो दुसरा मागतो आहे. यात तिसरा माणूस नाही.

आखातात हा तिसरा माणूस असतो.

कफील या शब्दाचे काय झाले

अरबीत ‘कफील’ म्हणजे जामीन राहणारा, जबाबदारी घेणारा. यतिमाची कफालत करणे हे आपल्याकडे मोठ्या सवाबाचे काम मानले जाते. कुरआनात हजरत जकरिया यांनी हजरत मरियम यांचा सांभाळ केल्याचा उल्लेख येतो, तिथेही हेच मूळ आहे. ज्याला कोणी नाही त्याच्यामागे उभा राहणारा, असा या शब्दाचा अर्थ.

तेलाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या नोकरशाहीने याच शब्दावर परदेशी मजूर बांधण्याची पद्धत रचली. मजुराचा व्हिसा, परवाना, नोकरी बदलण्याची मुभा, आणि कित्येक वर्षे देश सोडण्याची परवानगीसुद्धा, हे सगळे एका स्थानिक मालकाच्या सहीवर. ज्याने मजुराची जबाबदारी घ्यायची, तोच त्याचा मुखत्यार झाला. याचा इस्लामी फिक्हशी संबंध नाही. हा राज्यांनी केलेला कामगार कायदा आहे. पण शब्द आपल्या परंपरेतला असल्यामुळे आपल्यातल्या अनेकांना तो खटकत नाही, उलट त्यात काही पवित्र असल्याचा भास होतो. हा भास मोडला पाहिजे.

या पद्धतीत पासपोर्ट काढून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यासाठी ना कुलूप लागते ना पहारेकरी. जगातल्या सक्तीच्या मजुरीची लक्षणे ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अकरा निर्देशक ठरवले आहेत. त्यांत ओळखपत्रे अडकवून ठेवणे हा एक स्वतंत्र निर्देशक आहे. मजुरी थकवणे आणि कर्जात अडकवणे हे त्याच यादीतले त्याचे शेजारी आहेत.

आखाती देशांचे कायदे याला परवानगी देत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कतारच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट अडकवणाऱ्या मालकाला २५,००० रियालपर्यंत दंड होऊ शकतो. सौदी अरेबियात आणि संयुक्त अरब अमिरातीतही कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे नियमबाह्य आहे. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी आणि २०२० मध्ये घरकामगारांसाठीही देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली. सौदीने मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांना नोकरी बदलण्याची आणि बाहेर जाण्याची काही मोकळीक दिली. पण त्यातून घरकामगार, ड्रायव्हर, माळी वगळले गेले. म्हणजे ज्यांचा मालक हाच घरमालकही आहे, ज्यांना दाराबाहेर पडायलाही विचारावे लागते, ते जिथल्या तिथेच राहिले.

कायदा आहे आणि पासपोर्ट तरीही तिजोरीत आहे. कारण तक्रार करायला जाणाऱ्या मजुराकडे दाखवायला कागद नसतो, आणि मालकाकडे एक हत्यार असते: ‘हुरूब’. मजूर पळून गेला अशी नोंद मालकाने केली की तो मजूर बेकायदा ठरू शकतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हातात तक्रारदाराला गुन्हेगार ठरवण्याची सोय आहे.

काउंटरवरचा प्रश्न

माझ्या नात्यातला एक तरुण एका आखाती शहरात घरगुती ड्रायव्हर होता. विमानातून उतरला त्याच दिवशी पासपोर्ट मालकाकडे गेला. पावणेतीन वर्षांनी गावी आई आजारी पडली. मालक म्हणाला, रमजाननंतर बघू. रमजान गेला, ईद गेली, मग बकरी ईद. शेवटी तो तडक आपल्या दूतावासात गेला. काउंटरवरच्या माणसाने विचारले, पासपोर्ट कुठाय? हा म्हणाला, मालकाकडे. मग मालकाकडून आण. देत नाही. मग पोलिसांत हरवल्याची तक्रार करून ये. हा म्हणाला, “पण साहेब, हरवला नाही ना.” मागच्या रांगेतले लोक हसले. त्यांना ठाऊक होते की या खिडकीवर खरे बोलून काम होत नाही.

त्याने ती खोटी तक्रार केली. आउटपास मिळाला. घरी आला तेव्हा आईला दफन करून अकरा दिवस झाले होते. चार महिन्यांचा पगार मागेच राहिला, सेवा संपल्यावर मिळणारी रक्कम तर त्याने मागितलीच नाही. पासपोर्ट हरवल्याचा ठपका त्याच्या नावावर राहिला. इथे नवा पासपोर्ट काढताना अर्जातल्या ‘इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतला आहात का’ या प्रश्नाला त्याने ‘होय’ लिहिले आणि पोलीस पडताळणीच्या वेळी चौकीत तीन चकरा मारल्या. प्रत्येक चकरेत त्याला विचारले गेले, इतका महत्त्वाचा कागद तुम्ही हरवलाच कसा?

काउंटरवरचा तो माणूस वाईट होता असे मला म्हणायचे नाही. त्याच्या फाइलमध्ये ‘हरवला’, ‘चोरीला गेला’ आणि ‘खराब झाला’ यांच्यासाठी जागा आहे. ‘मालकाने अडकवून ठेवला’ याची नोंद होत नाही. नोंद झाली नाही की घटना घडलीच नाही असे सरकारी कागदांचे शास्त्र आहे. वर्षाच्या शेवटी आकडे काढले जातील तेव्हा अमुक इतक्या भारतीयांनी पासपोर्ट हरवले असे दिसेल. अमुक इतक्या मालकांनी ते अडकवले होते हे कधीच दिसणार नाही.

पासपोर्ट कोणाच्या मालकीचा?

१९६७ चा पासपोर्ट कायदा उघडून पाहा. त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की या कायद्याखाली दिलेला पासपोर्ट किंवा प्रवासी दस्तऐवज हा सदैव केंद्र सरकारच्या मालकीचा राहील. पासपोर्टच्या आतही तशी सूचना छापलेली असते. म्हणजे तो तुमचाही नाही, माझाही नाही. आपण तो बाळगतो, मालकी भारत सरकारची.

आपल्या न्यायालयांनी यापुढे जाऊन पासपोर्ट माणसाच्या स्वातंत्र्याशी जोडला आहे. १९६७ च्या सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तो अधिक पक्का केला. २००८ च्या सुरेश नंदा खटल्यात न्यायालयाने म्हटले की पोलिसांना किंवा सीबीआयलासुद्धा एखाद्याचा पासपोर्ट घेऊन आपल्याकडे अडकवून ठेवता येणार नाही. तो अधिकार पासपोर्ट कायद्याखालच्या अधिकाऱ्यालाच आहे.

जे सीबीआयला करता येत नाही ते जेद्दाहमधला किंवा कुवेतमधला एखादा मालक करतो, आणि भारत सरकार आपल्याच मालकीची वस्तू परत मागण्याऐवजी मजुराला सांगते की ती हरवली असे लिहून दे. आता कोणी म्हणेल, भारताचा कायदा सौदीत चालत नाही. बरोबर आहे. पण मालकी चालते, आणि व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशातल्या आपल्या नागरिकांचे हितरक्षण करणे हे वाणिज्य दूतावासाचे कामच आहे. शिवाय त्या देशांचा स्वतःचा कायदाही पासपोर्ट अडकवण्याच्या विरोधात आहे. दोन्हीकडचे कायदे मजुराच्या बाजूने असताना मजुरालाच खोटे बोलावे लागते, याला काय म्हणावे?

सरकारला जमत नाही असे मुळीच नाही. १९९० साली सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे घरी आणले गेले. अनेकांचे पासपोर्ट कुवेती मालकांकडे होते आणि मालक देश सोडून गेले होते. तरी माणसे आली. २०१३ मध्ये सौदीत निताकतची मोहीम राबवली गेली, २०१७ मध्ये तिथेच माफीची मुदत जाहीर झाली, तेव्हाही आपल्या दूतावासाने आणि तिथल्या भारतीय स्वयंसेवकांनी हजारो लोकांचे आउटपासचे काम करून दिले. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्यांची तिकिटे, निवारा, कायदेशीर मदत यांवर खर्च करता येतो. २०१५ पासून ‘मदद’ हे पोर्टल आहे. व्यवस्था आहे, पैसा आहे, अनुभवही आहे.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. माफीच्या काळात त्या देशालाच माणसे बाहेर हवी असतात, म्हणून कागद धावतात. एकट्या मजुराला घरी जायचे असते तेव्हा मालकाला तो आत हवा असतो, म्हणून कागद बसून राहतात. दूतावासाची खरी कसोटी या दुसऱ्या प्रसंगी लागते.

नाव, गाव, आडनाव

पासपोर्टची झेरॉक्सही हाताशी नसली तर दूतावासाला आधी हा माणूस भारतीय आहे का हे तपासावे लागते. इथे आपल्या समाजाचा एक जुना दुखरा कोपरा उघडा पडतो. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळे, रेशनकार्डावर वेगळे, पासपोर्टवर तिसरेच. कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे ‘मो.’, कुठे ‘महम्मद’. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे शेवटी. कोकणात परकार, मुकादम, काझी, खोत अशी आडनावे आहेत, पण एजंटाने घाईत भरलेल्या अर्जात ती गळतात आणि माणूस नुसता ‘अब्दुल रहमान’ होऊन विमानात बसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की आपल्या पासपोर्टवर आडनावच नाही.

२०१९ नंतर कागद या शब्दाने आपल्या घरांत धडकी भरते. पेट्या उघडल्या गेल्या, आजोबांचे दाखले शोधले गेले, नावे दुरुस्त करण्यासाठी तहसीलच्या रांगा लागल्या. ती भीती कुठून आली याची चर्चा वेगळी. पण दुरुस्तीचे ते काम अर्धवट सोडू नका. परक्या देशात कागदाविना उभ्या असलेल्या माणसाची ओळख गावातल्या दोन कागदांवर पटते. ते दोन कागद एकमेकांशी बोलत नसतील तर त्याचे आठवडे आश्रयगृहात जातात.

बायकांचे तर आणखी कठीण. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो, आणि आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्यासाठी त्यांना सरकारी मंजुरी लागते. घरकामासाठी तीस वर्षांखालच्या बाईला ती मिळत नाही. हेतू संरक्षणाचा. घडते असे की एजंट तिला भेटीच्या व्हिसावर पाठवतो. मग ती कामगार म्हणून कोणत्याच सरकारी नोंदीत नसते. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, फोन रात्री दहा मिनिटे, आणि पोलीस चौकी कुठे आहे हे माहीत नाही. ‘हरवल्याची तक्रार करून या’ हे वाक्य या बाईला सांगून काय उपयोग?

अमानत

आता थोडे स्वतःकडे. पासपोर्ट अडकवणारे सगळे अरब शेख असतात हा आपला आवडता समज आहे. कामगारांच्या छावणीचा बॉस, कंपनीचा पीआरओ, मनुष्यबळ पुरवणारा छोटा ठेकेदार, उपाहारगृहाचा चालक, यांत भारतीय असतात, पाकिस्तानी असतात, आपल्या तालुक्यातलेही असतात. आणि त्यांच्याकडे तयार उत्तर असते: पोरं खोलीत दहा-दहा राहतात, चोऱ्या होतात, पासपोर्ट ऑफिसात सुरक्षित राहतो, आम्ही अमानत म्हणून ठेवतो.

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. छावणीत कुलूपबंद कपाट नसते, रोजच्या वापराला इकामा पुरतो, आणि कित्येक मजूर स्वतःहून पासपोर्ट ऑफिसात ठेवतात. पण अमानत म्हटले की तिचे नियमही आले. अमानत ज्याची आहे त्याने मागितली की परत करायची, ही कुरआनची आज्ञा आहे. ‘प्रोजेक्ट संपल्यावर देईन’, ‘बदली माणूस आण’, ‘व्हिसाचे पैसे फेड’ असे म्हटले की ती अमानत राहत नाही, ते गहाण होते.

हजला गेलेल्या प्रत्येकाला हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. तिथे उतरल्यावर पासपोर्ट मुअल्लिमच्या दफ्तरात जमा होतो, मनगटावर पट्टा येतो, आणि परतीच्या दिवशी पासपोर्ट हातात पडतो. लाखो लोक हे करतात आणि कोणाला आपण कैदेत आहोत असे वाटत नाही. कारण परत मिळण्याचा दिवस ठरलेला असतो आणि तो पाळला जातो. त्याच भूमीवर, त्याच शहरात राबणाऱ्या मजुराला हा भरवसा नसावा, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्या गावोगावच्या जमाती आखातात आहेत. त्या गावच्या मशिदीसाठी, मदरशासाठी, शाळेसाठी वर्गणी गोळा करतात, मय्यत घरी पाठवायची असली की रात्रीतून पैसे उभे करतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण मय्यतीसाठी धावणाऱ्या जमातीने जिवंत माणसाच्या पासपोर्टसाठीही धावावे. जमातीतल्या ज्या शेठकडे पन्नास कामगार आहेत, त्यांचे पासपोर्ट कुठे आहेत असे त्याला भर सभेत विचारण्याची हिंमत किती जमातींत आहे?

काय व्हावे

मागण्या फार मोठ्या नाहीत. दूतावासांनी अर्जात ‘मालकाने ठेवून घेतला’ यासाठी वेगळी जागा करावी आणि अशा माणसाला हरवल्याची खोटी तक्रार करायला पाठवू नये. अशा अर्जावर पहिले पाऊल म्हणून भारत सरकारच्या मालकीचा दस्तऐवज परत करा असे पत्र मालकाला आणि तिथल्या कामगार खात्याला जावे, आणि त्याला दिवसांची मुदत असावी. मुदत संपल्यावरच आउटपास द्यावा, पण त्यावर माणूस परतला तरी थकलेल्या पगाराचा दावा त्याच्या वतीने चालवण्यासाठी मुखत्यारपत्र तिथेच करून घ्यावे. कोणत्या मालकांकडून पासपोर्ट अडकवल्याच्या तक्रारी वारंवार आल्या याची नोंद ठेवावी आणि त्यांना भारतातून नवीन माणसे मिळू देऊ नयेत. ई-मायग्रेटची व्यवस्था त्यासाठी वापरता येईल. चिप असलेले ई-पासपोर्ट आता भारतात मिळू लागले आहेत, ते चांगलेच आहे. पण चिपमुळे तिजोरीचे कुलूप उघडत नाही.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्या हातात आहे ते आज करता येते. पासपोर्टचे पहिले व शेवटचे पान, व्हिसा, इकामा आणि कामाचा करार यांचे फोटो जाणाऱ्याच्या फोनमध्ये आणि घरातल्या एका जबाबदार माणसाच्या फोनमध्ये असू द्या. पासपोर्ट नंबर कागदावर लिहून घरच्या कुरआनशेजारी, मूल्यवान कागद ठेवता तिथे ठेवा. मालकाला पासपोर्ट द्यावाच लागला तर दिल्याचा मेसेज पाठवा, म्हणजे तारखेसह पुरावा राहील. दूतावासाचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी पाठ करा. भेटीच्या व्हिसावर कामाला पाठवणाऱ्या एजंटाच्या दारातूनच परत फिरा.

आणि आउटपासवर कोणी गावात उतरला तर त्याला ‘काय केलंस?’ असे विचारू नका. त्याचा पगार किती थकला आहे आणि दावा लावायचा का, हे विचारा. ज्यांचा मुलगा, भाऊ, नवरा आज तिकडे आहे त्यांनी पुढच्या फोनवर खुशालीसोबत एक प्रश्न जरूर विचारावा: तुझा पासपोर्ट आत्ता कुठे आहे? उत्तर ‘माझ्या बॅगेत’ असे आले तर अल्हम्दुलिल्लाह. ‘मालकाकडे आहे’ असे आले, तर तो मागितल्यावर मिळतो का हे एकदा, काही काम नसताना, मागून पाहायला सांगा. घरी जाण्याची गरज उभी राहील त्या दिवशी पहिल्यांदा मागू नये.